नोंदवहीतला शेवटचा रकाना: एचआयव्ही प्रतिबंधाचे संशोधन आणि गावचे सल्लागार मंडळ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमची संस्था यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात स्थलांतरित मजूर आणि ट्रकचालक यांच्यात आरोग्याचे काम करते. एचआयव्हीचा संसर्ग टाळणाऱ्या औषधाचा अभ्यास करण्यासाठी एक संशोधन संस्था तुमच्या भागात येणार आहे आणि तिने ‘समुदाय सल्लागार मंडळा’साठी तुमच्याकडे पंधरा दिवसांत बारा नावे मागितली आहेत. तुम्ही सरपंच, मुख्याध्यापक, ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर, बचत गटाच्या अध्यक्षा अशी यादी केली आहे. ही यादी बरोबर आहे का, मंडळाला नेमका अधिकार काय असतो आणि सदस्यांना पैसे द्यावेत का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत अशा मंडळांची समन्वयक म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून उत्तर देते.

नावे इतक्यात पाठवू नका. त्याआधी संस्थेला एकच गोष्ट विचारा: संशोधनाचा आराखडा एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासून मंजुरी देणाऱ्या समितीकडे, गेला आहे की अजून जायचा आहे? आराखडा मंजूर झाला असेल, संमतीपत्रे छापून आली असतील, भेटींचे वेळापत्रक ठरले असेल आणि त्यानंतर मंडळाची नावे मागितली जात असतील, तर तो प्रकार साक्षगंध उरकल्यावर मुलीला पसंती विचारण्यासारखा आहे. माझ्या पहिल्याच मंडळात हेच झाले होते. आम्ही दोन तास आराखडा समजावून सांगितला आणि शेवटी काही शंका आहेत का, असे विचारले. तेव्हा मागच्या रांगेतली एक शेतमजूर बाई म्हणाली, “आमाले काहून इचारता जी, तुमी त समदं ठरवूनच आले.” तिच्या या वाक्यावर आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. इतिवृत्तात मात्र ‘सदस्यांनी समाधान व्यक्त केले’ असे लिहिले गेले, आणि ते लिहिणारी मीच होते.

हे मंडळ कुठून आले, हे माहीत असले की त्याचे काम समजायला सोपे जाते. 1983 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एड्स झालेल्या काही माणसांनी एक जाहीरनामा मांडला. आम्हाला बळी म्हणू नका आणि आमच्याविषयीचे निर्णय जिथे होतात तिथे आम्हाला बसू द्या, असा त्याचा आशय होता. पुढे 1990 च्या सुमारास तिथल्या सरकारी निधीवर चालणाऱ्या एड्स औषधचाचण्यांच्या केंद्रांवर अशी मंडळे नेमण्याची पद्धत रुजली. म्हणजे ही कल्पना आजारी माणसांनी भांडून मिळवलेली आहे, संशोधकांच्या सौजन्यातून ती जन्मलेली नाही. जगाला तिची खरी किंमत कळली ती 2004 मध्ये. कंबोडियात लैंगिक व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांमध्ये टेनोफोव्हिर या गोळीची प्रतिबंधक चाचणी व्हायची होती. या गोळीमुळे पुढे काही दुखणे लागले तर आमचे उपचार कोण करणार, हा त्या स्त्रियांच्या संघटनेचा साधा प्रश्न होता. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, वातावरण तापले आणि एकही स्त्री दाखल होण्यापूर्वी तिथल्या सरकारने चाचणी बंद केली. पुढच्या वर्षी कॅमेरूनमध्येही याच गोळीची चाचणी निदर्शनांनंतर थांबवावी लागली. गोळी वाईट नव्हती. तेच औषध असलेली गोळी आज जगभर प्रतिबंधासाठी दिली जाते. गेली ती वर्षे आणि विश्वास. त्यानंतर 2007 मध्ये यूएनएड्स हा संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम आणि एचआयव्ही प्रतिबंधासाठी काम करणारी एव्हॅक ही संस्था यांनी लोकसहभागाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि 2011 मध्ये ती सुधारली. तुमच्याकडे येणारी संस्था बहुधा याच तत्त्वांचा हवाला देईल. देऊ द्या, आणि मग त्यांतले एकेक कलम तिला विचारा.

आता अधिकाराविषयी. कायद्याने ज्या समितीला संशोधन मंजूर करण्याचा, नाकारण्याचा किंवा थांबवण्याचा अधिकार आहे ती एथिक्स कमिटी होय. नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, 2019 प्रमाणे तिच्यात किमान सात सदस्य लागतात, त्यांत कायद्याचा जाणकार, सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री असावी लागते. सल्लागार मंडळाला तसा कायदेशीर अधिकार नाही; भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत समुदायाच्या सहभागावर भर आहे, पण मंडळाचे ‘नाही’ कोणावर बंधनकारक नसते. ही गोष्ट सदस्यांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावी. माझ्या अनुभवात लोकांना मर्यादित अधिकाराचा राग येत नाही. अधिकार आहे असे भासवून नंतर तो नसल्याचे कळले, की मात्र ते पुन्हा बैठकीला येत नाहीत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचे उदाहरण मी नेहमी देते, कारण विदर्भातल्या माणसाला ते लगेच समजते. तिथे अभ्यास गट एखादा विषय खोलात जाऊन समजून घेतो, बाहेरच्या जाणकारांना बोलावून वाद घालतो, पण निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने करते. आपले मंडळ हे त्या अभ्यास गटासारखे आहे. फरक एवढाच की एचआयव्हीच्या संशोधनात शेवटचा निर्णय ग्रामसभेचाही नसतो, तो त्या त्या व्यक्तीचा असतो. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 2017 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि त्यानुसार व्यक्तीच्या समजून दिलेल्या संमतीशिवाय तिच्यावर संशोधन करता येत नाही. सरपंचाने गावाच्या वतीने होकार दिला, मंडळाने ठराव केला, सासऱ्याने अंगठा लावला, यांपैकी कशानेही ती संमती भरून निघत नाही. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, आता तेलंगणात असलेल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या प्रकल्पात मुलींच्या पालकांऐवजी वसतिगृहांच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. 2010 मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला आणि नंतर संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. खम्मम आपल्यापासून फार लांब नाही.

मग ज्या मंडळाला अधिकार नाही त्याचा उपयोग काय? याचे उत्तर माझ्यापुरते एका साध्या नोंदवहीत आहे. तिच्यात पाच रकाने असतात: तारीख, सूचना, कोणत्या गटाकडून आली, संशोधकांचे उत्तर, आणि शेवटचा रकाना ‘प्रत्यक्षात काय बदलले, बदलले नसल्यास का’. नाव लिहायचे नाही, फक्त गट. प्रत्येक बैठक मागच्या बैठकीचा शेवटचा रकाना वाचूनच सुरू करायची. हा रकाना सलग तीन बैठका कोरा राहिला तर ते मंडळ संशोधकांच्या अहवालातल्या फोटोपुरते आहे असे समजावे, मग बैठकीला कितीही चांगले जेवण असो.

या नोंदवहीतली दोन-तीन पाने तुम्हाला दाखवते. एका अभ्यासात सहभागींचे दोन गट करायचे होते आणि कोण कोणत्या गटात जाईल हे संगणक ठरवणार होता. संमतीपत्रात यासाठी ‘यादृच्छिक पद्धतीने’ असा शब्द होता, जो मंडळातल्या पदवीधर सदस्यालाही सांगता येईना. एकाने ‘ईश्वरचिठ्ठी’ सुचवला. शब्द सगळ्यांना कळला, पण एका एकल महिलेने हरकत घेतली: ईश्वरचिठ्ठी म्हटले की माणसाला वाटते देवानेच दिले, आता नाही म्हणू नये आणि मधूनच सोडू नये. ही हरकत एथिक्स कमिटीतल्या कोणाच्याही लक्षात आली नसती, असे मला आजही वाटते. शेवटी ‘सोडत’ हा शब्द ठरला, कारण सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत गावातल्या प्रत्येकाने पाहिलेली असते. तिच्यात कोणाची मर्जी चालत नाही आणि देवाचाही संबंध नसतो, हे सांगावे लागत नाही. त्याच संमतीपत्रात प्लासिबोसाठी ‘खोटे औषध’ लिहिले होते. “खोटं द्याचं त बलावता कायले?” असा प्रश्न आला आणि त्याजागी ‘दिसायला सारखी, पण औषध नसलेली गोळी’ असे लांबलचक पण खरे वर्णन आले. शेवटच्या रकान्यात दोन्ही बदलांपुढे तारखेसह ‘केले’ अशी नोंद आहे.

दुसरे पान नकाराचे आहे आणि मला ते जास्त मोलाचे वाटते. गोळ्यांची प्लास्टिकची डबी पिशवीत खुळखुळते आणि घरात सगळ्यांना ऐकू जाते, अशी तक्रार स्त्रियांच्या गटाने केली. उपायही त्यांनीच दिला: डबीत थोडा कापूस कोंबावा. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. संशोधन केंद्राच्या फार्मासिस्टने मात्र ते नाकारले आणि रकान्यात कारण लिहिले की कापूस ओल धरतो, पावसाळ्यात गोळ्या खराब होतील, आणि गोळ्या मूळ डबीतच ठेवल्या पाहिजेत. पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवल्यावर कोणी नाराज झाले नाही. उलट एकीने सांगितले की ती डबी तुरीच्या डाळीच्या डब्यात खोल पुरून ठेवते, तिथे ती वाजतही नाही आणि नवरा डाळीच्या डब्यात हात घालत नाही. ही युक्ती मग समुपदेशकांनी इतरांना सांगितली. कारणासह आलेला नकार लोक पचवतात. मौन पचवत नाहीत.

तिसरे पान वेळापत्रकाचे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासणीला यायचे, असे आराखड्यात होते. मंडळाने सांगितले की तालुक्याच्या आठवडी बाजाराचा दिवस धरा. त्या दिवशी गावातून कोणीही तालुक्याला गेले तरी कोण कशाला गेले हे कोणी विचारत नाही, ऑटो भरून मिळतो आणि मजुरीचाही वेगळा खाडा होत नाही. मृगाच्या पेरणीत आणि दिवाळीनंतरच्या कापूसवेचणीत लांबच्या भेटी ठेवू नका, हेही त्यांनीच सांगितले. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात काम असेल तर मोहफुलांचे आणि तेंदूपत्त्याचे दिवस सोडावे लागतात. पुण्यामुंबईत बसून आराखडा लिहिणाऱ्याला हे सुचत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. त्याने विचारले नाही तर मात्र दोष आहे.

आता तुमच्या यादीकडे येते. तुम्ही लिहिलेले चौघेही सज्जन असतील, पण हे चौघे ज्या खोलीत बसतील त्या खोलीत ट्रकचालक बोलणार नाही, ढाब्यावर काम करणारी बाई बोलणार नाही आणि एचआयव्हीसह जगणारा माणूस तर उंबरठाही ओलांडणार नाही. सरपंच आणि पोलीस पाटील यांना डावलावे असे मी म्हणत नाही. त्यांना स्वतंत्र भेटून कल्पना द्यावी, त्यांचा विरोध ओढवू नये, पण मंडळात त्यांची एखादीच जागा असावी. अभ्यास ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापासून यादी सुरू करा. तुमच्या तालुक्यात ती माणसे नागपूर-हैदराबाद महामार्गावर थांबणारे चालक आणि क्लीनर, कोळसा खाणींच्या पट्ट्यात आणि जिनिंगमध्ये कामाला येणारे मजूर, वर्षातले सहा महिने ज्यांचे नवरे बाहेरगावी असतात अशा स्त्रिया, लैंगिक व्यवसाय करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी, आणि एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रातून, औषध घेणारे लोक ही आहेत. त्यांच्यानंतर आशाताई, गावोगावी एचआयव्हीचे काम करणारे लिंक वर्कर, आयसीटीसीतले (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रातले) समुपदेशक यांच्यापैकी एखाददुसरे. ‘आमच्या बाया अशा विषयावर बोलत नाहीत’ हे तुम्हाला हमखास ऐकवले जाईल. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या स्त्रियांचा अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध केला, आणि 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार असल्याचे त्यात आढळले. त्या स्त्रिया बोलल्या, तपासणीलाही आल्या. त्यांना आधी कोणी नीट विचारले नव्हते, एवढेच.

खेड्यातली खरी अडचण अज्ञान ही नाही. प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, ही आहे. शहरात अशा मंडळावर बसणे सन्मानाचे असेल. गावात ‘हा एचआयव्हीच्या मीटिंगला जातो’ एवढ्यावरून मुलीचे लग्न अडू शकते. म्हणून मंडळाच्या नावात एचआयव्ही नको. ‘आरोग्य सल्लागार मंडळ’ म्हणा. ‘कम्युनिटी अ‍ॅडव्हायझरी बोर्ड’चे ‘कॅब’ हे इंग्रजी लघुरूपही नको. आमच्या एका चालक सदस्याने पहिल्या दिवशी गाडी कुठे लावली आहे म्हणून विचारले होते. बैठक एकाच गावात वारंवार घेऊ नये, गळ्यात अडकवायची ओळखपत्रे देऊ नयेत, फोटो काढू नयेत, आणि अभ्यासात कोण दाखल झाले हे मंडळाला कधीही कळू देऊ नये, सदस्याचा सख्खा भाऊ दाखल झाला असला तरी. गटांच्या बैठका आधी वेगवेगळ्या घ्या. स्त्रियांची वेगळी, तृतीयपंथीयांची वेगळी, चालकांची ढाब्याच्या मागच्या खाटेवर, त्यांच्या वेळेला. मग प्रत्येक गटाचे एक-दोन जण एकत्र बसतील. एका संस्थेच्या अभ्यासात पांढऱ्या जीपवर संस्थेचे मोठे बोधचिन्ह होते आणि ती जीप सहभागींच्या घरासमोर थांबायची. महिनाभरात गावाने एका बाईचे नाव ‘जीपवाली’ पाडले. मंडळाने दोनदा सांगूनही जीप बदलली नाही, कारण ते वाहनविभागाच्या धोरणात बसत नव्हते; ती बाई अभ्यास सोडून गेली आणि तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. त्या पानावरचा शेवटचा रकाना अजून कोराच आहे.

संमती घेताना होणाऱ्या नोंदीविषयीही मंडळाने विचारलेच पाहिजे. 2019 च्या नियमांप्रमाणे नव्या औषधाच्या चाचणीत असुरक्षित गटातल्या व्यक्तीची संमती घेताना दृक्श्राव्य चित्रण करावे लागते, मात्र एचआयव्ही आणि कुष्ठरोग यांवरच्या औषधांच्या चाचण्यांत फक्त आवाजाची नोंद पुरते. या दोनच आजारांना ही सूट का, हे आनंदवन आणि दत्तपूर ही कुष्ठरुग्णांची आश्रमस्थाने ज्या प्रदेशात आहेत तिथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तरी खेड्यात आवाजही ओळखता येतो. ती नोंद कुठल्या कपाटात, किती वर्षे, कोणाच्या कुलपात राहणार, हा प्रश्न मंडळाचा आहे.

एका गोष्टीपाशी मी जरा थांबते, कारण तिथे मोठ्या संस्थाही फसल्या आहेत. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे या देशांत ‘व्हॉइस’ नावाची एचआयव्ही प्रतिबंधाची चाचणी झाली, 5,029 स्त्रियांची. रोज गोळी घेता का, योनीत लावायचे प्रतिबंधक जेल वापरता का, याला सुमारे 90 टक्के होकार मिळत होता. 2013 मध्ये रक्ताचे निकाल आले तेव्हा तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशातही औषध सापडले नाही. स्त्रिया लबाड होत्या असे म्हणणे सोपे आहे. माझ्या मते त्यांनी विचारणाऱ्याला हवे तेच उत्तर दिले, जसे आपल्याकडे दवाखान्यात ‘हो जी’ म्हणतात. वऱ्हाडातल्या ‘हो जी’चे किमान चार अर्थ आहेत: समजले, ऐकले, वाद नको, आणि आता जाऊ द्या. त्यांतला कोणता लागू आहे हे गावातल्या माणसालाच कळते. गोळी का घेतली जात नाही हे चाचणी चालू असतानाच मंडळाच्या कानावर येते, आणि ते कोणाचेही नाव न घेता संशोधकांपर्यंत पोहोचवायची वाट उघडी असेल तर वर्षांचे नुकसान टळते. मात्र सदस्यांना खबरे बनवू नका. कोणाचे काय चालले आहे हे त्यांनी सांगायचे नाही. लोक साधारणपणे काय बोलतात, एवढेच सांगायचे.

लशीची चाचणी असेल तर आणखी एक प्रश्न आधीच विचारून ठेवा. भारतात एड्सवरील लशीची पहिली चाचणी 2005 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत झाली, त्यामुळे हा विषय आपल्या राज्याला नवा नाही. अशा लशीमुळे शरीरात जी प्रतिपिंडे तयार होतात त्यांमुळे, संसर्ग नसतानाही, नेहमीची एचआयव्ही तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. लस घेतलेली एखादी स्त्री पुढे गरोदर राहिली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची नेहमीप्रमाणे तपासणी झाली, तर तिच्या घरात काय होईल याची कल्पना करा. तिच्याजवळ कोणते पत्र असेल, ते पत्र ती कुठे लपवेल, केंद्रातल्या परिचारिकेने कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, आणि अभ्यास संपून पाच वर्षे झाल्यावरही तो फोन कोणी उचलेल का, हे लेखी मिळाले पाहिजे.

पैशांचे लवकर आटोपते. सदस्यांना प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी, बैठक संपताच रोख द्यावी, आणि सगळ्यांना सारखी द्यावी. वेचणीच्या दिवसांत मजुरी किलोवर असते, त्यामुळे त्या महिन्यांत दर वेगळा धरावा लागतो. मानधन इतके मोठे नसावे की ते जाईल या भीतीने सदस्य गप्प बसेल. शून्य मात्र मुळीच नको, कारण मग फक्त पगारदार माणसेच येतील. सहभागींना द्यायची रक्कम वेगळी असते आणि ती एथिक्स कमिटीच्या मंजुरीनेच ठरते, पण ती जास्त आहे की कमी हे मंडळाला आधी विचारावे. मंडळाचा खर्च संशोधनाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत असावा. ‘इतर’ या शीर्षकाखाली असेल तर तो सहाव्या महिन्यात संपतो.

वाईट बातमीच्या दिवसासाठीही मंडळाची तयारी हवी. जानेवारी 2007 मध्ये सेल्युलोज सल्फेट नावाच्या प्रतिबंधक जेलची चाचणी अचानक थांबवण्यात आली, कारण मधल्या आकडेवारीत जेल वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये संसर्ग जास्त दिसत असल्याची शंका आली होती. तिची दोन केंद्रे भारतात होती, चेन्नई आणि कर्नाटकातले बागलकोट. अशा वेळी बातमी वर्तमानपत्रातून गावात पोहोचली तर ‘सुई टोचून रोग दिला’ असे तिचे रूप व्हायला एक बाजार पुरतो. बातमी मंडळाला आधी कळावी, मराठीत कळावी, आणि औषध कोणाला मिळत होते, कोणाला नाही, आता पुढे कोणी कुठे जायचे, हे त्याच दिवशी सांगता यावे. तसेच इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई हा नियमांनी दिलेला हक्क आहे, पण रात्री अकराला चक्कर येऊन पडलेल्या माणसाला कोणत्या दवाखान्यात न्यायचे, 108 आली नाही तर गाडीचे पैसे कोण देणार, हे नियमांत लिहिलेले नसते. ते तुमच्या मंडळाने लिहून घ्यायचे.

औषध परिणामकारक ठरले तर काय, हा प्रश्न मी मुद्दाम नंतर घेतला, कारण संशोधक त्यावर सर्वांत गुळगुळीत बोलतात. वर्षातून दोनदा टोचायचे लेनाकापाविर हे औषध 2024 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ज्या 2,134 मुलींना आणि तरुण स्त्रियांना देण्यात आले, त्यांच्यापैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. असा निकाल या क्षेत्रात पूर्वी कोणी पाहिला नव्हता. त्याच वर्षी ते स्वस्तात बनवण्याचे परवाने सहा कंपन्यांना मिळाले आणि त्यांत भारतीय कंपन्याही आहेत. तुमच्याकडे येणारा अभ्यास अशाच औषधाचा असेल तर तो संपल्यावर तुमच्या तालुक्यातल्या सहभागींना ते किती काळ, कोणाकडून आणि कोणत्या दवाखान्यात मिळेल, हे आधीच विचारा. ‘शासनाशी चर्चा सुरू आहे’ हे उत्तर आले तर चौथ्या रकान्यात तेच शब्द जसेच्या तसे उतरवा आणि पाचवा रकाना मोकळा सोडा. विदर्भातल्या खेड्यांनी शेतकरी आत्महत्यांच्या काळापासून एवढे सर्व्हेवाले पाहिले आहेत की ‘फॉर्म भरून नेला, परत कोणी आलं नाही’ हे वाक्य आता जवळजवळ म्हणीसारखे वापरले जाते. ज्या घरांनी आपले सर्वांत मोठे दुःख पाच-पाच वेळा अनोळखी माणसांना सांगितले, त्यांच्याकडे सहाव्यांदा जाताना निकाल परत आणून देण्याची तारीख हातात असली पाहिजे.

तेव्हा संस्थेला पाठवायच्या उत्तरात बारा नावांऐवजी चार गोष्टी लिहा. आराखड्याचा आणि संमतीपत्राचा मराठी मसुदा एथिक्स कमिटीकडे जाण्यापूर्वी मिळावा. सदस्य शोधायला आणि त्यांना विषय समजायला तीन महिने मिळावेत. मंडळाच्या प्रत्येक सूचनेला पुढच्या बैठकीपूर्वी लेखी उत्तर मिळावे. अभ्यास संपल्यावर निकाल सांगण्यासाठी एक बैठक याच तालुक्यात व्हावी आणि तिचा खर्च आत्ताच बाजूला काढून ठेवावा. आराखडा आधीच मंजूर होऊन आला आहे असे त्यांनी कळवले तर दुरुस्तीचा मार्ग विचारा. एथिक्स कमिटीकडे सुधारित आराखडा पाठवता येतो आणि संस्था तसे नेहमीच करतात, त्यामुळे ‘आता काही होऊ शकत नाही’ हे खरे नसते. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. आणि नोंदवही पहिल्या बैठकीपासून तुमच्या संस्थेच्या कपाटात असू द्या. त्यांना दर बैठकीनंतर झेरॉक्स द्या, मूळ वही देऊ नका.